मिरच्यांना ताण

या सगळ्या तापाला व्याह्यांची जीभ कारण.

आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, आगीच्या बंबावर आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांच्या घराचं छत गळायला लागलं म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ते आमच्याकडे राहायला आले. दुरुस्तीवाला एक दिवस आला, शिडी लावली, आणि शिडी तिथेच ठेवून जो गेला तो गेलाच. त्यामुळे व्याहीही आमच्याकडे तसेच लावून ठेवल्यासारखे राहिले. समोरासमोर आम्ही एकमेकांशी ‘आपण, आपण’ करत असं बोलतो, की नवख्याला वाटावं दोन राजदूत चहा घेताहेत. पाठीमागे मी त्यांना बंब म्हणतो. ते मला काय म्हणतात ते सुनेला माहीत आहे, पण ती सांगत नाही.

मुलगा बोटीवर असतो, या भानगडीत तो नव्हता. सुटला.

तर एका रात्री जेवताना व्याह्यांनी बरणीतल्या मिरच्या काकडीसारख्या कराकरा चावून खाल्ल्या आणि सुस्कारा सोडला. “हल्ली मिरच्यांत दम राहिला नाही.”

“आपल्याला नसेल जाणवत,” मी म्हणालो.

“आमची जीभ आगीला सरावलेली, व्याही. एकदा जळत्या गोदामात चहाचा कप विसरलो होतो. आठवण झाली तसा परत आत गेलो, घेऊन आलो. प्यायलो तर गार झालेला.”

मला राग आला तो याचाच. मी आयुष्यभर दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त केले. काट्यापुढे खोटं बोलून चालत नाही, त्यामुळे निवृत्त झाल्यापासून मी ती सगळी तूट भरून काढतोय. या घरात थापा मारायची जागा माझी. आणि हा पाहुणा माझ्या ताटासमोर बसून माझ्यापेक्षा बरी थाप मारतो!

“मी पिकवतो मिरच्या,” मी म्हणून गेलो. “इथे, आपल्या गॅलरीत. आपल्या डोळ्यांतून पाणी काढलं नाही तर नाव बदलीन.”

“नाव काय करायचंय?” आमची ही ताट उचलता उचलता म्हणाली. “गॅलरी द्या.”

इथे गॅलरीचं सांगायला हवं. आमची ही कपड्यांची दुरुस्ती करते. पॅन्ट आखूड करणं, चेन बसवणं, उसवलेलं शिवणं. तिचं शिवणयंत्र झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि काळ्या कापडावर काळा दोरा असला की ती मला हाक मारते. गॅलरीला काचा लावून तिला तिथे कामाची खोली करून हवी होती. तिचं चुकत नव्हतं, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच मी तो विषय वर्षभर टाळत होतो. कारण ती गॅलरी म्हणजे माझा दरबार. पहिला मजला, खाली वाहता रस्ता. मी खुर्ची टाकून बसलो की जाणारा-येणारा मान वर करतो, मी एक गोष्ट सोडतो, तो अर्धा तास हलत नाही. काचा लागल्या की माझं बोलणं काचेला धडकून माझ्याच तोंडावर येणार.

“ठरलं,” व्याही म्हणाले. “रंग भरलेली एक मिरची. देठापर्यंत, चावून. डोळ्यांतून एक थेंब पडला तर गॅलरी उघडी राहील. नाही पडला तर काचा.”

“सुतार माझ्या ओळखीचा आहे,” ही म्हणाली.

*

सुनेनं तिच्या ओळखीच्या रोपवाटिकेतल्या बाईकडून बियांचं पाकीट मागवलं. ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, त्यामुळे जहाल गोष्टींचं तिला कौतुक नाही. पाकिटावर तोंडातून ज्वाळा निघणाऱ्या माणसाचं चित्र होतं. व्याह्यांनी ते हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, “याला आधी आडवं झोपवायला हवं होतं.”

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये माती भरून मी बिया पेरल्या. मिरचीचं बी उगवायला किती वेळ घेतं याची ज्याला कल्पना नाही त्यानं ती करून घेऊ नये. मूग दोन दिवसांत मान वर काढतो. मिरची विचार करते. रोज सकाळी मी काडीनं माती बाजूला करून बघायचो, परत झाकायचो. एक बी तर इतक्यांदा वर आलं की मला ओळखायला लागलं.

“अहो, झोपू द्या ना त्याला,” ही ओरडायची. “माणसाला असं उठवलं तर माणूससुद्धा उगवणार नाही.”

उगवली एकदाची. दोन पानं, चार पानं, मग कागदी पेल्यांत, मग मोठ्या भांड्यांत. भांडी म्हणजे घरात जे फुटकं, गळकं, कान तुटलेलं होतं ते सगळं. रंगाचे डबे, मोडक्या कडीची बादली, मुलाचा लहानपणीचा टब, आणि हिची नजर चुकवून घेतलेला जुना कुकर. सळई तापवून बुडाला भोकं पाडली. भोकं नीट पडली हे मला खालच्या न्हाव्याकडून कळलं, कारण पहिलंच पाणी घातलं ते त्याच्या दारात बसलेल्या गिऱ्हाइकाच्या टाळूवर उतरलं. न्हावी वर बघून म्हणाला, “आजोबा, भिजवायचं काम माझं आहे, ते माझ्याकडे राहू द्या.”

पुढे मावा पडला. पानांच्या पाठीला चिकटलेले हे हिरवे बारके किडे, सकाळी पाच तर संध्याकाळी अख्खं गाव. साबणाचं पाणी फवारलं. किडे स्वच्छ झाले, गेले नाहीत. मग पानं वळली. पानं सुटली तर फुलं आली, आणि फुलं आली तशी टपाटपा गळायला लागली. रोज सकाळी फरशीवर पांढरा सडा, आणि व्याही चहाचा कप घेऊन त्याच्याकडे बघत उभे. “छान पडतात हो आपली फुलं,” ते म्हणायचे. “वर टिकली असती तर आणखी शोभली असती.”

मी मेटाकुटीला आलो. सुनेला म्हटलं, “तुझ्या त्या रोपवाटिकेतल्या बाईला विचार तरी.” फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून सुनेनंच फोन केला. तिला कामावर जायचा उशीर झाला होता. एका पायात चप्पल, दुसरी शोधतेय, कानाला फोन. जाता जाता दारातून म्हणाली, “बाबा, फुलं टिकतील म्हणाली, घाबरू नका. आणि मिरच्या धरल्या की झाडांना चांगला ताण द्या. ताण दिला की तिखट होतात.” आणि धाडकन दार लागलं.

मी खुर्चीत बसून विचार केला. बरोबरच होतं की! ताणातली माणसं तिखट होतात, हे मी या घरात रोज बघतो. मिरची तरी वेगळी का असावी? मला रोपवाटिकेतल्या बाईचं कौतुक वाटलं. एवढं मानसशास्त्र विकतेय रोपांच्या किमतीत!

*

मिरच्या धरल्या. बोटाच्या पेरासारख्या, हिरव्या, चकचकीत. मी ताण द्यायला सुरुवात केली.

आधी मिक्सरचं भांडं आणून त्यांच्यासमोर ठेवलं, पात्याची बाजू त्यांच्याकडे. मग खुर्ची ओढून त्यांना भयंकर गोष्टी सांगितल्या. दुष्काळाची सांगितली. शेळ्यांच्या कळपाची सांगितली. एका बागेत एक आंधळा माणूस तण समजून काय काय उपटून गेला ती सांगितली. काय व्हावं? झाडं टरारून वाढली. टबातल्या झाडाला तर शेळ्यांच्या गोष्टीत हसू आवरलं नाही आणि दुसऱ्या दिवशी नवीन फूल आलं.

“बाबा, तुमच्या गोष्टींनी ताण येत नाही,” सून म्हणाली. “येतो तो ऐकणाऱ्याच्या घरच्यांना.”

“मग काय करू?”

तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं. आत ही कुणाला तरी फोनवर सांगत होती की पॅन्ट आखूड झालेली नाही, तुमचं पोट पुढे आलंय.

मी जाऊन विनंती केली. मला वाटलं नाही म्हणेल. मी हरलो तर गॅलरी तिलाच मिळणार होती. पण तिनं हात पुसले. “येते. उद्या हरलात की म्हणाल, घरच्यांनी मदत केली नाही. ती जागाच ठेवत नाही मी तुम्हाला. बोला, कुणाला झाडायचंय?”

ती गॅलरीत आली, कमरेवर हात ठेवला आणि एका दमात सुरू झाली. “लाज वाटते का? ऊन तुम्हाला, खत तुम्हाला, घरातली सगळ्यात चांगली जागा तुम्हाला! मी त्या अंधाऱ्या खोलीत डोळे फोडून घेतेय आणि तुम्ही इथे वाऱ्यावर डुलताय! इतके दिवस झाले, एक फूल म्हणून हातावर ठेवलं नाहीत कधी! खायला पुढे, द्यायला मागे! अंगात काही आग आहे की नुसतं अंग आहे?”

खाली रस्त्यावरून एक गृहस्थ पिशवी घेऊन चालले होते. ते जागच्या जागी थांबले. वर बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी मान खाली घातली, वळले, आणि कोपऱ्यावरून हातात फुलांचा गुच्छ घेऊन घराकडे पळत जाताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तीन जण थांबले. पुढच्या आठवड्यात न्हाव्याची गिऱ्हाइकं अर्ध्या गालावर फेस घेऊन बाहेर यायला लागली. कुरिअरवाला आमच्या गल्लीचं सामान शेवटी ठेवायचा, म्हणजे निवांत ऐकता येतं. ज्या बायकांना घरी बोलता येत नव्हतं त्या नवऱ्यांना हाताला धरून घेऊन यायच्या आणि बरोबर आमच्या गॅलरीखाली त्यांच्या चपलेचा अंगठा तुटायचा. हिच्या पट्ट्यात सापडून एका माणसानं शेजाऱ्याची तीन वर्षं वापरलेली सायकल परत केली. पाचला ही बाहेर आली की रस्ता भरलेला. आणि मी? माझ्या खुर्चीवर हिनं चष्मा ठेवायला सुरुवात केली होती.

“अगं, झाडांकडे बघून बोल,” मी म्हणायचो. “तू खाली बघून बोलतेस.”

“झाडं काय, ऐकतायत ती. ही माणसं एवढ्या लांबून येतात,” ती म्हणायची. घसा मात्र एकदम मोकळा झाला होता तिचा. स्वयंपाक करता करता गुणगुणायलाही लागली.

बोलणी खाऊन मिरच्या इतक्या फुगल्या की कुकरातलं झाड एका बाजूला कललं. रंग चढेना, पण तब्येत अशी की पैलवानानं दत्तक घ्यावी. मी एक चोरून तोडली. जीभ भाजेल म्हणून आधी शेपटी चाटली. मग टोक चावलं. मग अख्खी खाल्ली. मग तिथेच फरशीवर बसलो. तिखट सोडा, तिच्यात साधा वादसुद्धा नव्हता. असल्या मिरचीनं व्याही पोट भरून वर ढेकर देतील, आणि मी गेलो काचेच्या आड.

*

त्याच संध्याकाळी खालच्या गर्दीतून एक बाई हात हलवून ओरडायला लागली. “काका! अहो काका, हे काय चाललंय?”

रोपवाटिकेतली बाई होती. मातीचे हात, हातात रोपांची टोपली.

“तुम्ही सांगितलंत तेच!” मी वरून ओरडलो. “ताण देतोय!”

“हा ताण?”

“मग कुठला?”

बाईनं टोपली खाली ठेवली आणि पोट धरून तिच्या शेजारी बसली. “अहो, पाण्याचा ताण! पाणी तोडायचं! मिरची भरली की पाणी कमी करायचं, झाड सुकायला आलं की घोटभर द्यायचं. मग मिरचीत उतरतो तिखटपणा. घरच्या बाईला ओरडायला कुणी सांगितलं?”

रस्ता हसला. न्हाव्याचा वस्तरा हसताना एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या मिशीवरून फिरला, आणि तो भला माणूस त्याही अवस्थेत हसत राहिला. मी म्हटलं, “ते मला माहीतच होतं, हा जोडीचा उपाय आहे.” कुणी ऐकलं नाही.

पण एक कोडं राहिलं. मी स्वतः तर झाडांना बेतानंच पाणी घालत होतो. मग मिरच्या एवढ्या फुगल्या कशा? मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, “मी सकाळी जाताना एकेक तांब्या घालते. आदल्या संध्याकाळी आई एवढं बोललेल्या असतात, वाईट वाटतं हो.”

हिला विचारलं. “बोलून झालं की मीही घालते,” ही म्हणाली. “एवढं ऐकून घेतात बिचारी, उलटून बोलत नाहीत. तुमच्यापेक्षा बरी.”

आणि व्याह्यांना विचारावं लागलं नाही. दुपारी गॅलरीत पाय न वाजवता गेलो तर हे मोडक्या बादलीवर वाकलेले, हातात आंघोळीचा मग, धार अशी बारीक आणि नेमकी मुळाशी, की बघत राहावं.

“व्याही,” मी म्हणालो, “आपण हे काय करताय?”

ते दचकले नाहीत. “सवय, व्याही. कोरडं काही दिसलं की हात थांबत नाही.”

“कोरडं दिसलं म्हणून, की तिखट होणार म्हणून?”

“आपण फार संशयी बोलता.”

“आपण माझ्या मिरच्या विझवताय!”

“पेटलेल्या दिसल्या तर विझवीन ना.” आणि मगातला उरलेला थेंबसुद्धा त्यांनी झटकून आत टाकला.

मला पाणी पाजायला आलेला माणूस माझ्या झाडांना पाणी पाजत होता, आणि तोंडावर सज्जनपणा असा की त्याला बसायला खुर्ची द्यावी. डोक्याची शीर तडतडायला लागली. त्या दिवसापासून मी गॅलरीच्या उंबऱ्यावर आडवी खुर्ची टाकून बसलो. घरातले मग, तांबे, लोटे, फुलपात्रं, सगळी उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात.

“आंघोळ कशानं करू?” ही विचारायची.

“हे घे,” म्हणून मी तिला आमटीचा डाव दिला. डावानं आंघोळ केलेल्या बाईच्या अंगी काय आवेश येतो ते त्या संध्याकाळी सगळ्या रस्त्यानं ऐकलं. झाडांशी तिचं बोलणं चालूच होतं, कारण आता ते थांबवायची माझी टाप नव्हती. पण बोलून झालं की ती रिकाम्या हातानं आत जायची. सून दवाखान्यातून चूळ भरायचे कागदी पेले खिशात घालून आणायची, मी दारातच झडती घ्यायचो. व्याही तर एकदा तोंडात पाणी धरून आले. गाल फुगलेले, चेहरा निष्पाप.

“काय म्हणता, व्याही?” मी विचारलं. “बोला ना.”

ते बोलेनात. मी हवापाण्याचं विचारलं, छताचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. शेवटी मी म्हणालो, “त्या गोदामातल्या चहाचं परत एकदा सांगा, फार छान सांगता आपण.” तेव्हा त्यांना राहवलं नाही. पाणी गिळावं लागलं.

झाडं सुकली. पानांनी हात खाली सोडले. मी फक्त अगदीच मरायला टेकलं की घोटभर द्यायचो आणि परत खुर्चीत. आणि मग तो रंग आला. आधी टबातल्या झाडावर, मग डब्यांतल्या, मग कुकरातल्या. हिरवा उतरून असा लाल चढला की सिग्नल समजून एक रिक्षा आमच्या घरासमोर उभी राहिली आणि मागे रांग लागली. संध्याकाळी डास गॅलरीतून आत यायचे ते शिंकत यायचे. शेजारच्या कुत्र्यानं खालून नुसता वास घेतला, तर तेव्हापासून तो समोरच्या फुटपाथनं जातो, आणि मालकालाही ओढून नेतो. हे खोटं वाटत असेल तर मालकाला विचारा, तो आमच्याशी बोलत नाही.

*

रविवारी दुपारी चाचणी ठरली. हिनं सुताराला आधीच बोलावून ठेवलं होतं. तो टेप काढून गॅलरीची रुंदी मोजायला लागला. “निकाल लागू दे की!” मी म्हणालो. तो म्हणाला, “मोजून ठेवतो, आजोबा. माप काही कुणाची बाजू घेत नाही.” इतकी वर्षं काटे दुरुस्त करून हेच वाक्य मी लोकांना ऐकवत आलो होतो. मला फार लागलं.

कुकरातली मिरची मी स्वतः तोडली. सुरकुतलेली, टोकाला वाकडी, बोटाएवढी. व्याही खुर्चीत ताठ बसले, अंगावर इस्त्रीचा सदरा. खाली रस्त्यावर माणसं जमलेली. ज्यांना दिसत नव्हतं त्यांना न्हावी सांगत होता.

व्याह्यांनी मिरची तोंडात टाकली. चावली. परत चावली. सावकाश, माझ्याकडे बघत. गिळली.

“अप्पा, आ करा,” सून म्हणाली आणि टॉर्च मारून गालांच्या आतली बाजूसुद्धा बघितली. “गिळलीय. काही शिल्लक नाही.”

“बरी आहे,” व्याही म्हणाले.

पण आवाज त्यांचा नव्हता. बारीक, लांबून आल्यासारखा, विहिरीतून कुणी हाक मारावी तसा. मग मानेवरून लाली वर चढायला लागली. कान लाल झाले, मग कानांच्या पाळ्या, मग डोक्यावर जे चार केस होते ते उभे राहिले. सदऱ्याची इस्त्री मोडली. मी शपथेवर सांगतो, त्यांच्या अंगाला लागून ठेवलेला चहा वाफाळायला लागला. पण डोळे? डोळे कोरडे! त्या माणसानं पापणी लवू दिली नाही. मुलीच्या लग्नात न रडलेला माणूस तो, आता एका मिरचीपुढे काय रडणार? माझ्या तोंडचं पाणी पळालं. सुतारानं पेन्सिल कानावरून काढली.

तेवढ्यात त्यांच्या गालावर एक थेंब दिसला.

“पडलं!” मी ओरडलो. “डोळ्यातलं पाणी!”

“घाम,” व्याही म्हणाले.

“अश्रू!”

“घाम, व्याही. कपाळावरून आला, डोळ्याच्या कडेनं वळला, गालावर उतरला. मी स्वतः होतो तिथे.”

“डोळ्याच्या आतून आलाय! मी बघितलं!”

“आपण गोष्टी सांगता, व्याही. आपण काय बघितलं त्याला कोण विचारतं?”

खाली रस्त्याचे दोन भाग झाले. घामवाले डावीकडे, अश्रूवाले उजवीकडे. न्हावी मध्ये उभा, कारण त्याची दोन्हीकडे गिऱ्हाइकं. सून म्हणाली, “चव घेऊन काही कळणार नाही, दोन्ही खारटच,” आणि टॉर्च बंद केली. ती आणि मी, दोघांनी हिच्याकडे बघितलं. व्याह्यांनीही बघितलं, आणि त्यांच्या लाल चेहऱ्यावर समाधान पसरलं. गॅलरी जिला हवी तिच्याच हातात निकाल! मी मनातल्या मनात माझ्या खुर्चीचा निरोप घेतला.

हिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. व्याह्यांची हनुवटी धरली नाही एवढंच; पण अशी जवळ जाऊन बघितलं, जसं उसवलेलं कुठून उसवलंय ते बघते. मग ती सरळ झाली आणि गॅलरीच्या कठड्याशी जाऊन खाली बघून म्हणाली, “डोळ्यातलंच आहे. मला कळतं, इतकी वर्षं यांच्याबरोबर काढलीत.”

रस्त्यावर आरडाओरडा झाला. व्याही उठून उभे राहिले. “विहीणबाई, आपण तरी!”

“थेंब पडला, व्याहीबुवा. ठरलं होतं ते ठरलं होतं. गॅलरी उघडी राहणार.” मग सुताराकडे वळून, “टेप ठेवा आत. काचा नकोत.”

मी तिचे हात धरायचे बाकी ठेवले. एवढा मोठा न्याय! स्वतःच्या अंधाऱ्या खोलीवर पाणी सोडून! मी तिला म्हटलंही, “तू देवमाणूस आहेस गं.” ती म्हणाली, “सरका, मला मोजू द्या.” काय मोजते ते विचारायचं मला आनंदाच्या भरात सुचलं नाही. व्याह्यांनी त्यानंतर घाईघाईनं कपाटाची किल्ली माझ्या गळ्यातून ओढून घेतली, आणि तांब्यामागून तांब्या पाणी पिताना आतून जो आवाज आला तो अजून भिंतीत आहे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर गॅलरीत शिवणयंत्र. उन्हात, कठड्याला लागून. शेजारी कपड्यांचं गाठोडं, वर प्लास्टिकचा कागद बांधलेला. आणि माझ्या खुर्चीवर ही, तोंडात टाचण्या.

“हे काय?” मी विचारलं.

“उजेड,” ती म्हणाली.

“गॅलरी मी जिंकली ना?”

“जिंकलातच की. मी कुठे बंद केली? उघडीच आहे. मी नुसती बसलेय.” तिनं टाचण्या काढल्या आणि कठड्यावरून खाली डोकावली. “काय हो, तुमची चेन परत तुटली? जेवता किती रोज? आणि बायकोला काय मदत करता? थांबा, जाऊ नका, ऐकून जा!”

खाली माणसं जमायला सुरुवात झाली होती. कुरिअरवाल्यानं गाडी लावली. व्याहीही खाली उतरून चांगल्या जागेवर उभे राहिले होते, हात मागे बांधून. कालचा अपमान विसरून वर बघून म्हणाले, “विहीणबाई, जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू येत नाही.”

मी तिच्या मागे उभा राहून, खांद्यावरून वाकून, एक गोष्ट सुरू करून बघितली. चांगली होती. ज्यावर हात ठेवला की माणसाच्या पापांचं वजन दाखवायचा, त्या काट्याची. दोन वाक्यं झाली असतील, खालून न्हावी म्हणाला, “शूऽ, आजोबा. काकू बोलतायत.”

सुनेला तक्रार केली. ती चपला घालत होती. “बाबा, बसायला मागा की.”

मागितलं. ही म्हणाली, “बसा ना, कोण नको म्हणतंय? त्या कुकराच्या पलीकडे जागा आहे. पण बोलू नका, माझी मापं चुकतात.”

कुकराच्या पलीकडे बसलं की मिरचीची फांदी नेमकी नाकात जाते. दोनदा शिंकलो, खाली माणसं हसली, ही हसली नाही. मी उठून झोपायच्या खोलीत आलो. तिथला कोपरा आता मोकळा आहे. खिडकी आहे, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. मधल्या पाइपावर एक कबुतर बसलं होतं. त्याला मी ती काट्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. अर्धी होईपर्यंत मान इकडेतिकडे करत ऐकलं त्यानं. मग बाहेरून हिचा आवाज चढला आणि ते उठून गॅलरीच्या बाजूला उडून गेलं.

शेवट खरोखर चांगला होता त्या गोष्टीचा.